अमावस्येची अदलाबदल

एश्बॉर्न, रविवार, २४ ऑगस्ट २०१४

उर्जा,

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस, फोन उचलत नाहीस, आणि ईमेल लिहायला घेतली की माझ्या हातून ऑफिसची भाषा उतरते. म्हणून कागदावर लिहिते आहे. माझं अक्षर तुला आवडायचं ना, मग वाच.

काल मी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं. हे वाक्य हृषिकेशने लिहायला लावलं आहे. ‘आधी सॉरी लिही, मग चहा मिळेल,’ असं तो सकाळपासून म्हणतो आहे. लिहिलं. आता चहा आला आहे आणि पुढचं मी माझ्या मनाने लिहिते.

बोलले त्यात खोटं काय होतं? मंडळाची मंगळागौर, आणि मी भिंतीशी खुर्चीत. एका बाजूला कुणाच्या तरी भारतातून आलेल्या सासूबाई, दुसऱ्या बाजूला सगळ्यांच्या पर्सा. गाणी म्हण, टाळ्या वाजव आणि पर्सा सांभाळ, एवढंच माझं काम. चार वर्षं या मंडळात फुगडी म्हटलं की कौमुदी आणि उर्जा, ही दोनच नावं लोक घ्यायचे. आणि काल तू नंदिनीचा हात धरून मधोमध आलीस.

नंदिनीला इथे येऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. नऊवारीचा काष्टा तिला मी नेसवला, कारण तिला तो येत नव्हता. पावलं कशी जुळवायची, हात कसे घट्ट धरायचे, मागे रेलताना समोरच्यावर भार कसा टाकायचा, हे मी तुला शिकवलं होतं. तू ते जसंच्या तसं तिला देऊन टाकलंस. तुम्ही फिरायला लागलात तेव्हा माझ्या शेजारच्या सासूबाई म्हणाल्या, ‘अगंबाई, काय जोडी जमली आहे!’ मी टाळ्या वाजवत होते, त्या थांबल्या.

राग आला असं म्हणून मी सुटू शकते. पण तुला खोटं कशाला लिहू? मी जळले. तुझ्या पायांकडे बघून जळले. आणि म्हणून उठून म्हणाले, ‘माझं ऑपरेशन घेऊन नाचतेस, शोभतं का तुला?’

गाणं थांबलं, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि तू नुसती उभी राहिलीस. मग न जेवताच निघालीस. मी खिडकीतून बघितलं. नंदिनीच्या गाडीत, पुढची सीट पार मागे पाडून, महाराणीसारखी पाय लांब करून बसली होतीस. मसालेभात तुझ्या आवडीचा होता. मी दोनदा घेतला.

कौमुदी


एश्बॉर्न, २० सप्टेंबर २०१४

कुमारी उर्जा यांस,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पुढे डार्मश्टाटचं चित्र आणि मागे एक ओळ: ‘अमावस्या तू दिलीस, मी मागितली नव्हती.’ नाव नाही, तारीख नाही. पोस्टमनने वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं आपण दोघी करणी करतो.

बरं, अमावस्येचंच बोलू. तू विसरल्याचं सोंग घेते आहेस म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

गेल्या वर्षीच्या तालमीत, होक्स्टच्या त्या व्यायामशाळेत, फुगडी फिरताना आपले हात सुटले. कुणाचे सुटले ते मी काढत नाही. तू उजवीकडे उडालीस, मी डावीकडे, आणि दोघी खुब्यावर आपटलो. दोघींच्याही खुब्याच्या वाटीची कड फाटली. जिना चढताना कळ, खाली बसताना कळ, गाडीतून उतरताना कळ. तेव्हा आपण फोनवर तासन्‌तास कळांबद्दल बोलायचो आणि हसायचो. ते दिवस मला अजून बरे वाटतात, दुखत असूनसुद्धा.

मग तूच त्या चाचणीची बातमी आणलीस. संशोधक ना तू. ‘कौमुदी, खुब्याच्या दुखापतीवर ट्रायल आहे, दोघी जाऊ.’ काही रुग्णांच्या खुब्यात दुर्बीण घालून फाटलेली कड खरोखर शिवणार, आणि काहींना भूल देऊन नुसत्या बाहेरून चिरा पाडून टाके घालणार. कुणाचं खरं आणि कुणाचं लटकं, हे दोन वर्षं सांगायचं नाही. व्यायाम मात्र सगळ्यांना सारखे. मी म्हटलं, लटकं ऑपरेशन कशाला करून घ्यायचं? तू म्हणालीस, ‘अगं, त्याशिवाय कसं कळणार की बरं वाटतं ते शिवण्यामुळे, की शिवलं या समजुतीमुळे?’ तुझं ऐकून मी सही केली. तुझं ऐकून मी बरंच काही केलं आहे.

माझी तारीख पाच सप्टेंबर, तुझी बारा. पाच तारखेला पिठोरी अमावस्या. हे मला माहीतही नव्हतं, सांगलीहून सासूबाईंचा फोन आला. ‘अमावस्येला अंगाला सुरी लावून घ्यायची नाही, कौमुदी. माझ्यासाठी एवढं ऐक.’ मी फ्राऊ क्लाइनला फोन करून सांगितलं की चंद्र नसल्यामुळे मला तारीख बदलून हवी. चाचणीचं सगळं काम बघणारी ती बाई, पण हे तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असणार. तू मागे बसून पोट धरून हसत होतीस. म्हणालीस, ‘मला चालते गं अमावस्या, दे इकडे.’

आणि दिली मी. नंतर फ्राऊ क्लाइनने समजावलं की खरं-लटकं याचा क्रम कॉम्प्युटरने आधीच लावून ठेवलेला असतो. टेबलावर जो येईल त्याला क्रमातलं पुढचं. म्हणजे पाच तारखेला जे होतं ते माझं होतं, आणि त्यावर तू जाऊन झोपलीस. त्यानंतर तू उड्या मारत फिरतेस आणि मी खुर्चीत बसून पर्सा सांभाळते. यातून काय निघतं ते कळायला डॉक्टरेट लागत नाही.

परवा वर्षाची तपासणी झाली. आपण दोघी एकाच खोलीत बसलो होतो, पण तू मासिकात डोकं घातलंस. मोजमाप घेणाऱ्याला व्रण बघून काही कळू नये म्हणून आपल्या खुब्यांवर चिकटवलेल्या त्या सारख्या मोठ्या पट्ट्या बघून एरवी आपण किती हसलो असतो. त्याने मला विचारलं, तुमचं कुठलं ऑपरेशन झालं असं तुम्हाला वाटतं? मी म्हटलं, लटकं. तो म्हणाला, खात्री आहे? मी म्हटलं, गेनाऊ, अगदी.

कौमुदी प्रभुदेसाई


एश्बॉर्न, १५ मार्च २०१५

उर्जा,

काल मी तुझ्या डार्मश्टाटला बुटांसाठी आले होते. फ्रँकफर्टात बूट मिळत नाहीत का, असं विचारशील. मिळतात. पिशवीत ओल्या नारळाच्या वड्यांचा डबा होता, तो माझ्याच खाण्यासाठी होता.

लुईझनप्लात्झवर ट्रामची वाट बघत उभी होते तेव्हा तुम्ही दोघी आलात. तू नंदिनीच्या दंडाला धरून चालत होतीस. माझा दंड असा कधी धरला नाहीस. आपण दोघी रस्त्याने चाललो की तू चार पावलं पुढे असायचीस आणि मी मागून हाका मारायचे. तिच्याबरोबर मात्र रमतगमत, एकेक पाऊल टाकत, जणू सगळा शनिवार तुमच्या मालकीचा. ट्राम आली तरी तुला घाई नाही. नंदिनीने दार अडवून धरलं, ड्रायव्हर काहीतरी ओरडला, आणि तू आरामात, तिच्या खांद्यावर हात टाकून चढलीस. तुझ्यासाठी ती अख्खी ट्राम थांबवते. हे मला जमलं नसतं हे खरं आहे.

तुला हाक मारणार होते. तोंड उघडलंही होतं.

मग रागाच्या भरात मी माथिल्डेनहोहेच्या टेकडीवर चढून गेले, वर बाकावर बसले आणि सगळ्या वड्या खाल्ल्या. उतरून स्टेशनात आल्यावर लक्षात आलं की खुबा दुखला नव्हता. रागात दुखणं कळत नाही, याहून जास्त त्याचा अर्थ काढू नकोस. हृषिकेश तसा अर्थ काढतो. म्हणतो, ‘अगं, तू हल्ली जिना चढताना कठडा धरत नाहीस.’ मी लगेच धरला. त्याला काय कळतंय? बर्फावरून घसरगुंडी खेळायला वेदबरोबर टेकडीवर गेले होते तेही त्याने धरून ठेवलं आहे. मुलाबरोबर एखादा दिवस आईला जावंच लागतं. लटक्या ऑपरेशनवर कुणी मनाच्या जोरावर चार पावलं टाकली तर ते कौतुक मनाचं आहे, खुब्याचं नाही.

तुझं मात्र मन, खुबा, नंदिनी, सगळंच छान चाललं आहे. कळलं. बूट घेतले नाहीत.

कौमुदी


एश्बॉर्न, ८ नोव्हेंबर २०१५

उर्जा,

घरात चकलीची भाजणी मळून पडली आहे आणि मी तुला लिहिते आहे. दिवाळी तोंडावर आली आहे. यंदा मंडळाच्या मंगळागौरीला मी गेले नाही. तूही आली नव्हतीस असं कळलं. कॉन्फरन्सला फिरत असशील.

मंगळवारी फ्राऊ क्लाइनने बोलावलं होतं. चाचणी संपली, आता ज्याचं त्याला सांगतात. मी तयारीनेच गेले होते. ‘मला वाटलंच होतं’ हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं त्याची ट्रेनमध्ये उजळणी केली होती.

ती म्हणाली, ‘आल्झो, फ्राऊ प्रभुदेसाई, तुमचं ऑपरेशन झालं होतं.’

मी म्हटलं, ‘हो, टाके होते ना.’

‘नाही, तसं नाही. खरं ऑपरेशन. तुमची कड शिवलेली आहे.’

मी म्हटलं, पुन्हा एकदा बघा. तिने बघितलं. मी म्हटलं, आमच्या तारखांची अदलाबदल झाली होती, त्यात काही घोळ? ती म्हणाली, ‘बारा तारखेला टेबलावर होत्या त्या तुम्हीच ना?’ होते मीच. मग ती माझ्याकडे बघत राहिली, कारण एवढी चांगली बातमी ऐकून असं तोंड तिच्यासमोर कुणी केलं नसावं.

मला आनंद व्हायला हवा होता ना? सांग मला, तूच शहाणी आहेस. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी रडले ते माझ्या खुब्यातच होतं. हृषिकेशला सांगितलं तर तो हसून हसून सोफ्यावर पडला. मग माझा चेहरा बघून भांडी घासायला गेला. मी बाथरूमचं दार लावून घेतलं आणि खाली उकिडवी बसले. अगदी खालपर्यंत. उठलेही. काही झालं नाही. कधीपासून हे जमत होतं कोण जाणे, मी बसूनच बघितलं नव्हतं.

मी तुझ्याबद्दल विचारलं. फ्राऊ क्लाइनने हात जोडल्यासारखं केलं आणि म्हणाली, ‘डाटेनशुत्झ.’ दुसऱ्याची माहिती गुप्त असते म्हणे. म्हणजे तुझं काय झालं ते मला माहीत नाही. तुलाही खरंच मिळालं असेल. तसं असेल तर मी तुझ्यावर काय काय आरोप केले, ते सगळे मागे घ्यावे लागतील, आणि मी ते घेतेही. पण एक गोष्ट तरी उरतेच. दोघींना सारखंच मिळालं आणि तरी तू नाचलीस, मी खुर्चीत बसले. हे आधीपेक्षा वाईट आहे. आधी निदान तुझ्याकडे माझं काहीतरी होतं.

माफी मागायला बसले होते आणि परत तेच सुरू झालं. चकल्या बिघडणार आहेत.

कौमुदी


एश्बॉर्न, १० जानेवारी २०१६

उर्जा,

नंदिनीचा फोन आला होता. तिने तुला न सांगता केला, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. चिडायला मी आहे.

ती म्हणाली, ‘कौमुदीताई, मला हे तुम्हाला सांगायचा अधिकार नाही, पण आता मला एकटीला झेपत नाहीये.’ आणि सगळं सांगितलं. तुझं लटकं होतं. तुला चिरा पाडून, टाके घालून घरी पाठवलं होतं, आणि पहिले काही महिने तुला खरंच बरं वाटलं. मग त्या मंगळागौरीच्या आधीच परत दुखायला लागलं. गोळी घेऊन तू फुगडी घातलीस, कारण कार्यक्रमात नाव लागलं होतं आणि जोडीतली एक आधीच खुर्चीत होती. गाडीत सीट मागे पाडलीस ती तुला पाय दुमडून बसता येत नव्हतं म्हणून. घरापर्यंत रडत होतीस. आणि ट्रामच्या स्टॉपवर नंदिनीचा दंड धरला होतास तो चालता यावं म्हणून.

मी खिडकीत उभी राहून तुला महाराणी म्हटलं होतं. डोळे असून मी हे असं बघितलं.

मी नंदिनीला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, ‘मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, आधीच कौमुदी म्हणते मी तिचं घेतलं. आता दुखतं म्हटलं तर म्हणेल, घेतलं आणि वायाही घालवलं.’ उर्जा, मी अगदी हेच म्हटलं असतं. माझ्याच आवाजात ऐकू आलं मला ते. तू मला एवढी ओळखतेस आणि मी तुला एवढीशीसुद्धा ओळखली नाही, याचाही मला हेवा वाटतो. बघ, मी कशी आहे.

मग मी माझाच हिशेब उलटा मांडला. पाच तारखेला क्रमात जे होतं ते माझं, असं मीच म्हणत होते ना, पोस्टाने, लेखी? तर ते होतं लटकं. ते माझ्या वाटचं होतं आणि ते तू माझ्या अमावस्येला हसत हसत जाऊन घेतलंस. आणि तुझ्या वाटचं खरं ऑपरेशन घेऊन मी टेकड्या चढले, वड्या खाल्ल्या, आणि तुला शिव्या दिल्या. तू म्हणशील, हा योगायोग आहे, क्रमाला माणसं कळत नाहीत. फ्राऊ क्लाइनही तेच म्हणेल. पण दोन वर्षं मी याच तर्काने तुझ्यावर जळत होते. माझ्या सोयीचं होतं तोवर खरं आणि आता खोटं, असं मला करता येणार नाही.

सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तिला माझ्याकडून सांग, मी चुकले.’ पंच्याहत्तरीच्या बाईने असं म्हणावं हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, ‘अहो आई, तुम्ही नाही, मी.’ 

तर आता कामाचं. लटकं झालेल्यांना आता खरं ऑपरेशन करून देतात, आणि तुझं एकवीस तारखेला आहे, हेही नंदिनीने सांगितलं. शनिवारी सोडणार, न्यायला माणूस लागतं, आणि पुढे काही दिवस जवळ कुणी असावं लागतं. तू क्लिनिकला नंदिनीचं नाव दिलं आहेस.

ते काढ.

तुझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमच्याकडे लिफ्ट आहे. वेदने त्याची खोली रिकामी करायला घेतली आहे. मी सांगितलं तेव्हा त्याने मान वर करून विचारलं, ‘कॉम्ट टांटे उर्जा?’ मी म्हटलं, उर्जामावशी येणार का ते तिलाच विचारायला लागेल. त्यावर त्याने त्याचे सगळे डायनोसॉर एका खोक्यात भरले. त्याला कुणी एवढं सांगितलं नव्हतं. हृषिकेश शॉवरमध्ये ठेवायला प्लास्टिकचं स्टूल घेऊन आला आहे. व्यायाम मला सगळे पाठ आहेत. तू कंटाळा केलास तरी मी करून घेईन, आणि तुला माझा किती वैताग येतो ते मला माहीत आहे.

नंदिनी चांगली आहे. हे लिहायला मला बराच वेळ लागला, पण आहे चांगली. तिने तुला दीड वर्ष धरून चालवलं, आणि मी त्यावरही जळले. आता तर खरंच जळते, कारण ते सगळं माझं काम होतं आणि ते तिने केलं. तिला फोन करून मी सांगितलं की शनिवारी मी जाणार. ती म्हणाली, ‘उर्जाला विचारा.’ तर विचारते. मला असं विचारायची सवय नाही, म्हणून एकदाच विचारते. येऊ का?

तू नाही म्हटलंस तर मी घरी बसेन. खोटं कशाला बोलू, घरी बसणार नाही, क्लिनिकच्या खाली गाडी लावून बसेन आणि तुम्ही दोघी गेलात की परत येईन.

आणि हो म्हटलंस तर एवढं कर. भुलीतून शुद्धीवर आलीस की तोंडाला येईल ते बोल. दीड वर्षाचं साठलं असेल. मी ऐकून घेईन, मधे बोलणार नाही. पण नंदिनीला त्यातलं काही बोलू नकोस. त्या सगळ्या शिव्या माझ्या आहेत, आणि मला त्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत.

कौमुदी